मातीवरचे सामने आणि आप्पांची रेघ

त्या स्पर्धेला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. जिमखान्याच्या फाटकावर कापडी फलक लावत, त्यावर ते लिहिलेलं असे, आणि फलक वाऱ्याने गुंडाळला गेला की त्यातलं 'इंटरनॅशनल' तेवढं दिसत राही. आमच्या दादरच्या गल्लीत मात्र सगळे 'मातीवरचे सामने' म्हणत. 'मुलीचं लग्न मातीवरच्या सामन्यांनंतर काढू', 'मातीवरचे सामने आले, आता गोधड्या काढा' असं ते बायकांच्या बोलण्यातही यायचं. आज हे नाव कुणापुढे काढलं तर ऐकणाऱ्याला कुस्ती वाटते. माझ्या नातवालाही वाटली. टेनिस म्हटल्यावर त्याने फोनवर शोधून पाहिलं आणि "आजी, असं काही नव्हतंच," असा निकाल देऊन मोकळा झाला. फोनात नाही ते जगात नाही अशी या पिढीची श्रद्धा आहे. आमच्या पिढीच्या श्रद्धा काही फार शहाण्या नव्हत्या, त्यामुळे मी त्याला हसले नाही. पण लिहायला बसले ती त्या दिवशी संध्याकाळी.

जिमखाना आमच्या बिल्डिंगच्या मागच्या अंगाला होता. स्वयंपाकघराच्या गॅलरीत उभं राहिलं की तीन कोर्टं दिसत. वर्षभर ती नुसतीच तांबडी जमीन असायची, मुलं सायकली फिरवायची. दिवाळी झाली की मातीच्या गोणी येत. माती चाळायची, पसरायची, पाणी मारायचं, मग मोठा दगडी रोलर ओढायचा. त्या रोलरच्या कुरकुरण्याने आम्हाला जाग यायची आणि आई म्हणायची, "उठ गो, रोलर फिराक लागलो." कोर्टाच्या चारी बाजूंना हिरवं कापड ताणत. ते परळच्या ज्या गिरणीत आमचे आप्पा हेडक्लार्क होते तिथून फुकट यायचं, म्हणून आमच्या घराला त्या कापडाचा उगाचच अभिमान होता. त्याच गिरणीचा भोंगा दुपारी वाजायचा. आमचे अंपायर तो वाजायच्या थोडं आधी खेळ थांबवून हात वर करून बसत. परदेशी खेळाडू बुचकळ्यात पडून इकडेतिकडे बघत, आणि मग भोंगा झाला की साऱ्या गर्दीला हसू फुटे. दरवर्षी तेच, आणि दरवर्षी आम्ही हसायचोच.

खेळाडू कुठून कुठून यायचे. कलकत्ता, दिल्ली करत करत ते मुंबईला उतरत, आठवडाभर खेळत आणि पुढे निघून जात. तेव्हा या खेळात पैसा नव्हता. खेळाडूंना चषक मिळायचा, हार मिळायचा आणि राहायला सभासदांची घरं मिळायची. हॉटेलचा खर्च जिमखान्याला झेपत नसे, म्हणून प्रत्येक खेळाडू कुणाच्या ना कुणाच्या घरी पाहुणा, असा रिवाज होता. नावाजलेले खेळाडू समुद्राकाठच्या बंगल्यांत जायचे, जरा कमी नावाजलेले डॉक्टर-वकिलांकडे. आमच्यासारख्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघरवाल्यांकडे कुणाला पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या वर्षी एका वकिलांच्या घरी कांजिण्या आल्या आणि हंगेरीहून आलेली एक मुलगी ऐनवेळी बेघर झाली. स्पर्धेचे मुख्य पंच दस्तूरसाहेब आमच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "सावंत, पोरगी सारी आहे, एकदम चांगली. एक खाट दे, बस." मी आणि माझा धाकटा भाऊ त्या रात्रीपासून जमिनीवर आलो.

आप्पांना दस्तूरसाहेब नावाने ओळखत, कारण आप्पा त्या स्पर्धेचे लाइन अंपायर होते. रेघेच्या टोकाला खुर्ची टाकून बसायचं, चेंडू रेघेबाहेर पडला तर हात पसरून "आऊट" ओरडायचं, आत पडला तर दोन्ही तळहात जमिनीकडे धरायचे. मोबदला म्हणजे एक बिल्ला, एक पांढरी टोपी आणि दुपारचं जेवण. पण आप्पा आठवडाभर रजा टाकून ते करायचे. टेनिस ते जन्मात खेळले नव्हते. त्यांना खेळात काय आवडायचं हे मला फार उशिरा कळलं. त्यांना ती रेघ आवडायची. गिरणीत मालक, कामगार भरणारे जॉबर, युनियन, नातेवाईक, कुणाचं ना कुणाचं काही ना काही सांभाळून घ्यावं लागायचं. इथे चेंडू एकतर आत नाहीतर बाहेर, आणि मातीवर त्याची खूण उमटते, त्यामुळे वादच नाही. शंका आली तर खुर्चीवरचा मुख्य अंपायर खाली उतरतो, लाइन अंपायर बोटाने खूण दाखवतो, सगळे वाकून बघतात, संपलं. आप्पांनी दाखवलेली खूण कधी चुकली नव्हती. "सावंतांनी आऊट दिला म्हणजे आऊट" हे गल्लीत गोट्या खेळणारी पोरंसुद्धा म्हणत.

तर इलोना आली. उंच, हाडकुळी, नाकावर उन्हाने सोललेली कातडी आणि हातात एवढीशी बॅग. वय वीस-एकवीस असेल. तिचं इंग्रजी आमच्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं लगेच जमलं. आप्पांचं इंग्रजी म्हणजे गिरणीच्या पत्रव्यवहाराचं. ते तिला जेवताना म्हणायचे, "काइंडली टेक वन मोर बांगडा." आणि ती घ्यायची. काट्यासकट मासा कसा खायचा हे तिला माझ्या भावाने शिकवलं. सोलकढी पहिल्या दिवशी तिने हात धुवायचं पाणी समजून बाजूला ठेवली, तिसऱ्या दिवशी वाटी तोंडाला लावून पुन्हा मागितली. आईचं आणि तिचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. सामन्याआधी ती फक्त केळं खायची आणि आईच्या मते हा आमच्या घराण्याचा अपमान होता. "भुकेल्या पोटान खेळतत काय? लोक काय म्हणतीत, सावंतांनी पोरीक उपाशी धाडल्यान?" शेवटी केळं आणि दोन घावणे असा तह झाला. संध्याकाळी इलोनाचे पांढरे कपडे मातीने लाल होऊन येत. आईने पहिल्या दिवशी मोजा नाकाशी नेला आणि पुन्हा एकदा हुंगला. मग म्हणाली, "आमच्या गावची माती आसा ही." खरंच ती माती कोकणातून गलबताने यायची, हे आप्पांनी नंतर सांगितलं. तेव्हापासून ते कपडे धुवायला तिने मोलकरणीला हात लावू दिला नाही. लिंबू चोळून, उन्हात टाकून, ती ते स्वतः पांढरे करायची.

इलोना जिंकत गेली. पहिला सामना, दुसरा सामना. गल्लीत आमचा भाव वाढला. मी शाळेतून धावत यायची आणि आईशेजारी फळीवर बसून तिचा खेळ बघायची. आईला खेळातलं काही कळत नसे, ती फक्त पोर दमली की नाही ते बघत असे. आणि मग उपांत्यपूर्व सामन्याच्या सकाळी दुधाच्या रांगेत बाजूच्या बिल्डिंगमधले कर्णिक आप्पांना म्हणाले, "काय सावंत, आज मजा आहे. पाहुणी तुमची, लाइनही तुमची. घरचंच कार्य की!" ते हसले, रांगेतले दोघे-चौघे हसले. आप्पाही हसले, पण दूध घेऊन घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. चहा न पिताच ते दस्तूरसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, "मला दुसऱ्या कोर्टावर टाका." मी त्यांच्याबरोबर होते. दस्तूरसाहेब उखडले. "अरे, तू नाय बसणार तर कोन बसेल? बाकीचे तर लाइनीवर बसून झोपा काढते. तू सीधा माणूस, तुला कोन काय बोलेल?" आप्पांनी बिल्ला छातीवर लावला. टोपी घालून खुर्चीवर जाऊन बसले.

समोर ऑस्ट्रेलियाची एक दणकट खेळाडू होती. पहिला सेट तिने घेतला, दुसरा इलोनाने, आणि तिसरा लांबत लांबत गेला. सावल्या कोर्टावर आल्या. बाजूच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या भरल्या, कठड्यांवर पोरं चढली. मग एक वेळ अशी आली की एक गुण मिळाला की इलोना जिंकली. आईने माझं मनगट धरलं होतं. बराच वेळ चेंडू इकडून तिकडे गेला आणि इलोनाने तो आप्पांच्या रेघेवर सरळ मारला. ऑस्ट्रेलियावाली हललीसुद्धा नाही. रेघेवरची चुन्याची भुकटी उडालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आणि आप्पांचा हात बाहेर गेला. "आऊट!"

गर्दी 'अरे' म्हणाली. इलोना जाळीला वळसा घालून रेघेपाशी आली, अंपायर खाली उतरला. तिने रेघेला चिकटलेल्या एका खुणेकडे रॅकेट केली. आप्पा उठले, वाकले, आणि त्यांनी दुसरीच खूण दाखवली, रेघेबाहेर दोन बोटांवर असलेली. अंपायरने एकदा इलोनाकडे पाहिलं, एकदा आप्पांकडे. सावंतांची खूण म्हटल्यावर त्याला अजून काय बघायचं होतं? तो पुन्हा खुर्चीवर चढला. इलोना आप्पांच्या अगदी समोर उभी होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, ते मात्र मातीकडेच बघत होते. ती परत गेली आणि त्यानंतर तिचा एकही चेंडू धड पडला नाही. ती हरली.

माणसं पांगली तरी आप्पा खुर्चीवरून उठेनात. आई घाईघाईने घरी गेली, पोर एकटीच घरी पोचेल म्हणून. मी आप्पांपाशी थांबले. माळी ब्रश ओढत आमच्याकडे येत होता. ब्रश फिरला की सगळ्या खुणा जातात. आप्पांनी त्याला हात दाखवून थांबवलं, रेघेपाशी गेले आणि धोतर सावरून उकिडवे बसले. इलोनाने दाखवलेल्या खुणेशी रेघेचा चुना खरवडून गेला होता, आणि त्याचा पांढरा कण खुणेच्या लाल मातीत मिसळला होता. आप्पांनी त्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग माळ्याला म्हणाले, "फिरव आता." ते ज्या आवाजात म्हणाले तो मला आजही नको वाटतो. मला आप्पांचा राग आला नव्हता, मला त्यांची भीती वाटत होती. इतका सरळ माणूस आता रात्री जेवेल कसा, झोपेल कसा, असं काहीतरी मनात येत होतं. आणि ते हे कुणाला सांगणार की गिळून टाकणार? गिळलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. त्यांच्या नावाला धक्का लागला नसता.

घरी इलोना स्वयंपाकघरात आईसमोर पाटावर बसून लसूण सोलत होती. डोळे सुजले होते. आप्पा पाय न धुता दारात उभे राहिले, टोपी हातात घेतली आणि त्यांच्या त्या गिरणीच्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आय बेग टु स्टेट दॅट द बॉल वॉज इन."

इलोनाच्या हातातली लसूण खाली पडली. ती उठली. "आय नो," ती म्हणाली, "आय नो इट वॉज इन! अँड यू? यू सॉ?" आप्पा म्हणाले की ओरडताना त्यांना चेंडू दिसलाच नव्हता. चेंडू रेघेकडे येताना त्यांच्या कानात फक्त दुधाची रांग हसत होती आणि हात आपोआप बाहेर गेला. खूण दाखवतानाही त्यांनी खूण शोधली नाही, सुटका शोधली. हे त्यांनी अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सांगितलं आणि मधले शब्द मी पुरवले. इलोना तिच्या भाषेत काहीतरी जोरात बोलली. शिव्या असाव्यात, आणि असायलाच हव्या होत्या. मग ती गॅलरीत जाऊन कोर्टाकडे पाठ करून उभी राहिली. आप्पा दारातच उभे. शेवटी आईने हात पदराला पुसले, गॅलरीत गेली आणि तिचा दंड धरला. "चूक तेंची आसा गो बाय, भाताची नाय. जेवक चल."

इलोनाला मालवणी कुठून कळणार? पण ती आली. पानावर बसली. पहिले चार घास कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग तिने एकदम आप्पांना विचारलं, सकाळी दुधाच्या रांगेत लोक काय म्हणाले? आप्पांनी सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. मग ती हळूहळू सांगू लागली, की तिचे वडील तिच्या गावच्या शाळेत मास्तर आहेत. ती त्यांच्याच वर्गात होती. सगळं बरोबर लिहिलं तरी त्यांनी तिला कधी पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत, कारण लोक म्हणतील, मास्तरांची पोर. शेजारच्या पोरांना मिळायचे, तिला नाही. ती रडत घरी यायची आणि तेच वडील तिला वाढायचे. एवढं सांगून ती आप्पांकडे बोट करून म्हणाली, "यू, सेम." आणि मग म्हणाली, मी परकी असते तर तुम्हाला चेंडू दिसला असता ना? आप्पांनी मान हलवली. "येस," म्हणाले, "शुअरली." इलोनाने डोळे पुसले आणि आईपुढे वाटी धरली. सोलकढी हवी होती तिला. माझा जीव भांड्यात पडला. मी तेरा वर्षांची होते आणि त्या क्षणी मला ती दोघंही इतकी आवडली की मलाच रडू यायला लागलं, मग आईने माझ्या पानात उगाचच मासा वाढला.

आप्पांचं मात्र तेवढ्याने भागलं नाही. दुसऱ्या दिवशी ते दस्तूरसाहेबांकडे गेले आणि लाउडस्पीकरवरून चूक जाहीर करा म्हणाले. दस्तूरसाहेबांनी डोक्याला हात लावला. "निकाल तर बदलनार नाय. मग कशाला फजिती करून घेतो?" आप्पा म्हणाले, "तुम्ही नाही केलंत तर मी गल्लीत एकेकाला सांगत फिरेन." उपांत्य सामन्याआधी माइक त्यांच्या हातात दिला गेला. आप्पा दोनच वाक्यं बोलले, आधी इंग्रजीत, मग मराठीत. कालचा तो चेंडू आत होता. चूक लाइन अंपायर सावंतांची. गर्दीत कुजबुज झाली, एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टीही मारली. ऑस्ट्रेलियाची खेळाडू खांदे उडवून सराव करत राहिली. आप्पांनी बिल्ला आणि टोपी टेबलावर ठेवली आणि आमच्याशेजारी येऊन बसले. गल्लीत पुढे महिनाभर चर्चा चालली. निम्मे त्यांना हरिश्चंद्र म्हणत आणि निम्मे वेडा. कर्णिकांनी दुधाची वेळ बदलली. इलोना त्या संध्याकाळच्या गाडीने पुढच्या स्पर्धेला गेली, आईने बरोबर घावणे बांधून दिले.

पुढच्या वर्षीचे सामने शेवटचे ठरले, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. पण दिसत होतं. गिरणीची हलाखी सुरू झाली होती, हिरवं कापड जुनंच धुऊन लावलं होतं आणि ठिकठिकाणी ठिगळं होती. खेळात पैसा आला होता, मोठे खेळाडू पैसा जिथे तिथे जाऊ लागले होते, आणि जे येत त्यांना कुणाच्या घरी खाट नको होती, हॉटेल हवं होतं. पुढे त्या कोर्टांवर सिमेंट आलं, मग मोटारी आल्या. आता तिथे प्लास्टिकच्या गवतावर दिव्याखाली ऑफिसातली मुलं क्रिकेट खेळतात. बरं खेळतात, मी बघते गॅलरीतून. मातीची गोणी मात्र त्यानंतर या गल्लीत आली नाही.

त्या शेवटच्या वर्षी इलोना आली. जिमखान्याने तिला समुद्राकाठचा बंगला दिला होता. ती टॅक्सी करून सरळ आमच्या दारात उतरली. दस्तूरसाहेबांनी आप्पांना पुन्हा खुर्चीवर बसायला परोपरीने विनवलं. त्यांना खरंच माणसं मिळत नव्हती. आप्पा नको म्हणाले. इलोनानेही विचारलं, यंदा लाइनवर कुठे बसणार? आप्पा म्हणाले, "नो लाइन. आय विल सिट विथ फॅमिली." ती हसली आणि कोर्टावर गेली.

सामना सुरू झाला. आप्पा आईच्या आणि माझ्या मध्ये बसले होते. आयुष्यभर त्यांनी सामना गप्प बसून बघितला होता, टाळीसुद्धा दोन्ही बाजूंना सारखीच वाजवायचे. पहिल्या काही गुणांना ते तसेच बसून होते. मग इलोनाचा एक चेंडू लांब गेला. लाइनवरच्या नव्या पोरीने हात पसरला आणि आप्पा ताडकन उभे राहिले. "इन!" ते ओरडले. "इन! आत आहे चेंडू!" पुढच्या रांगेतली डोकी वळली. दस्तूरसाहेबांनी टेबलावरून मान वर केली. गॅलरीतून कर्णिकही बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने त्यांचं धोतर ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अवो, बसा खाली! वीतभर भायर पडलो तो."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. इतकं हसू त्यांच्या तोंडावर मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"ठावक आसा माका," ते म्हणाले. "चांगलो दिसलो." आणि परत कोर्टाकडे वळून, दोन्ही तळहात जमिनीकडे धरून, पहिल्यापेक्षा मोठ्याने ओरडले, "इन!"